मोजणीकाकांना विचारा : कबरस्तानात डबा शोधायला जावं का?

मागच्या महिन्यात या पानावर जिओकॅशिंगबद्दल जेमतेम दहा ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेल आलेत की यावेळी सातबारा, बांधावरची भांडणं, सोसायटीची हद्द हे आपले नेहमीचे विषय बाजूला. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. कोणीतरी एक छोटा डबा कुठेतरी लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकतो, बाकीच्यांनी मोबाईल नाहीतर जीपीएस घेऊन तो शोधायचा, आत वही असते तिच्यात नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवून द्यायचा. बक्षीस वगैरे काही नाही. मी ३१ वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढली, प्लेन टेबल खांद्यावर घेऊन डोंगर चढलो, त्यामुळे रिटायर झाल्यावर हा उद्योग म्हणजे माझ्यासाठी बिनपगारी नोकरीच. असो, पत्रं बघू.

प्रश्न : काका नमस्कार, आम्ही मे महिन्यात लेकीकडे सिएटलला गेलो होतो, मी, हे आणि माझ्या सासूबाई (वय ७८). एका रविवारी जावई म्हणाला चला आज तुम्हाला लाकडाचं गाव दाखवतो, म्हणून गाडीसकट बोटीत बसून पोर्ट गॅम्बल नावाच्या गावाला गेलो. गाव एकदम कॅलेंडरवरच्या चित्रासारखं, लाकडी घरं, चर्च, एक जुनं दुकान, पण रस्त्यात माणूस दिसेल तर शपथ. नातवाला डबा शोधायचा फार नाद आहे, तर जावयाने त्याच्यासाठी स्वतःच एक कोडं बनवून आणलं होतं. टेकडीवर जुनी सिमेट्री आहे तिथल्या दगडांवरची सालं वाचायची, त्यातले आकडे कागदावर लिहायचे आणि त्यावरून खाली गाडीजवळ लपवलेला डबा शोधायचा. सासूबाई भडकल्याच, म्हणाल्या मेलेल्या माणसांच्या उशाशी पोरांना खेळवता, जरा तरी काही वाटू द्या, मी उतरत नाही. आणि बसल्या गाडीत. अर्ध्या तासाने बघते तर आपणच उतरून आल्या, पदर डोक्यावर घेतलेला, आणि एका छोट्याशा दगडासमोर उभ्या. त्यावर कोकरू कोरलेलं होतं. मला म्हणाल्या, हे लेकराचं आहे ना गं? त्यांना इंग्रजी येत नाही, फक्त आकडे वाचता येतात. मग नातवाला घेऊन एकेका दगडावरचं वय मोजत बसल्या, आम्हालाच निघायची घाई झाली. पण घरी आल्यावर परत तेच, सगळ्यांनी डोक्यावरून आंघोळ करा. आता मला सांगा चूक कोणाचं? खेळायला जावं का नाही अशा जागी?
(एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : ताई, आधी आंघोळीचं मिटवू. मी त्या गावाला २०१८ साली जाऊन आलोय, धाकटा भाऊ त्या बाजूला असतो, आणि आल्यावर मी आंघोळ केली होती, पण ती गुडघ्यापर्यंत चिखल झाला होता म्हणून. तुमच्याकडे पद्धत असेल तर करा की, गिझर लावायला कितीसा वेळ लागतो, त्यावरून घरात कशाला वाजवायचं.

आता खेळाचं. सासूबाईंचं चूक नाही आणि जावयाचंही नाही, कारण त्याने डबा गाडीजवळ ठेवला, कबरीजवळ नाही. माझं सगळं म्हणणं या एकाच गोष्टीवर उभं आहे. दफनभूमीत डबा न्यायची गरजच नसते, तिथे दगडांवर आकडे आधीच कोरून ठेवलेले असतात. या खेळात मल्टी नावाचा प्रकार आहे, म्हणजे पहिल्या जागी डबा नाही, तिथे नुसता आकडा मिळतो आणि तो पुढच्या जागेच्या अक्षांशात नाहीतर रेखांशात भरायचा. समजा एका दगडावर साल १८९१ आहे, तर शेवटचा १ घेतला, दुसऱ्यावर वय ३४ आहे, त्यातला ४ घेतला, असे पाच-सहा आकडे जमले की खरा डबा कुठेतरी फाटकाबाहेर झाडाच्या बुंध्याशी निघतो. जाणते खेळाडू दफनभूमीत असंच करतात. आणि याचा खरा फायदा असा की पोरगं डब्यासाठी पळत सुटत नाही, त्याला प्रत्येक दगडासमोर थांबून वाचावंच लागतं. तुमचा नातू थांबला ना? सासूबाई तर त्याच्याही आधी वाचून मोकळ्या झाल्या, इंग्रजी न येता. कोकरू म्हणजे लहान मूल, अगदी बरोबर. तुटलेला खांब दिसला तर माणूस अकाली गेला असं समजायचं. एकमेकांत गुंतलेले हात बहुतेक वेळा नवरा-बायकोच्या दगडावर असतात. तीन कड्यांची साखळी किंवा कंपास-गुण्या दिसला तर तो माणूस ऑड फेलोज नाहीतर मेसन अशा मंडळाचा सभासद.

त्या गावाबद्दल थोडं सांगतो कारण त्याशिवाय ती टेकडी कळत नाही. १८५३ साली पोप आणि टॅल्बट अशा दोघांनी तिथे लाकूड कापायची गिरणी टाकली. हे पार दुसऱ्या टोकाचे, पूर्व किनाऱ्यावरच्या मेन राज्यातले, कामगारही पुष्कळसे तिकडूनच आणले, म्हणून तुम्हाला ती घरं तिथल्या पद्धतीची दिसली, उतरत्या छपराची. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, चर्च कंपनीच्या जागेत. मेलात तरी कंपनीच्याच टेकडीवर. गिरणी १९९५ ला बंद पडली, म्हणजे १४२ वर्षं चालली, आणि गाव जवळजवळ तसंच्या तसं राहिलं, त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक ठिकाणाचा दर्जा आहे. आपल्याकडे वागळे इस्टेट १९६२ ची, एमआयडीसीची अगदी पहिली वसाहत, तिथे कंपनी जाऊन टॉवर आला तरी रिक्षावाला अजून कंपनीचंच नाव घेऊन थांबवतो. तिथे उलटं, घरं राहिली आणि माणसं गेली, ती टेकडीवर जाऊन वाचायची.

आणि वाचताना एक ध्यानात ठेवा. त्या सिमेट्रीत गुस्ताव एंगलब्रेख्त नावाच्या खलाश्याची कबर आहे, लोक मुद्दाम बघायला जातात. नोव्हेंबर १८५६ ला मॅसॅच्युसेट्स नावाची युद्धनौका तिथे आली होती, उत्तरेकडून होड्यांतून आलेल्या आदिवासी टोळीशी तिची चकमक झाली, त्यात हा मेला, आणि पॅसिफिकमधे लढाईत पडलेला अमेरिकन नौदलाचा पहिला माणूस अशी त्याची ओळख सांगतात. समोरच्या बाजूची पंचवीसहून जास्त माणसं मेली त्या दिवशी, त्यात एक सरदार होता, आणि त्याच्या बदल्यात पुढच्याच वर्षी व्हिडबी बेटावर आयझॅक एबी नावाच्या माणसाला मारलं. म्हणजे केवढी मोठी गोष्ट, पण दगड मला त्या टेकडीवर एकाच बाजूच्या माणसाचा दिसला. शिवाय गिरणी जिथे उभी राहिली ती जागा मुळात स्क्लालम लोकांच्या वस्तीची, त्यांना खाडीच्या पलीकडच्या काठावर जायला लावलं, ते आजही तिथेच आहेत. मोजणी खात्यात आम्ही म्हणायचो, हद्दीचा दगड कोणी पुरला ते आधी विचारा, मग तो काय सांगतो ते ऐका. तेच इथे.

लाकडाच्या गावांबद्दल अजून दोन गोष्टी, कारण परत कधीतरी जालच. बऱ्याच जुन्या अमेरिकन सिमेट्र्यांमधे झाडाच्या तोडलेल्या खोडासारखे दगड दिसतात, साल, फांद्यांच्या गाठी सगळं कोरलेलं. माझा भाऊ म्हणाला हा बघ लाकूडतोड्या. तसं नाहीये! वुडमेन ऑफ द वर्ल्ड नावाची मंडळी होती, १८९० ला ओमाहा शहरात सुरू झाली, विम्याचं काम करायची, आणि सभासद गेला की त्याला असा दगड मिळायचा. कारकून असो, न्हावी असो, खोड तेच. त्यावर लॅटिन शब्द असतात, डम टॅसेट क्लॅमॅट, म्हणजे गप्प असला तरी बोलतोय. आपल्या विमा एजंटांना सांगा, पॉलिसीबरोबर समाधी.

दुसरं गाव पेश्टिगो, विस्कॉन्सिनमधलं, हेही लाकडाचंच. कोरडा उन्हाळा, जंगलतोडीचा पालापाचोळा आणि भुसा सगळीकडे पडलेला, फुटपाथसुद्धा फळ्यांचे, आणि ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री आग आली ती गावच घेऊन गेली. त्या भागात मेलेल्यांचा कमीत कमी आकडा १२०० धरतात. त्याच रात्री शिकागोला आग लागली म्हणून जगाला शिकागो माहीत, पेश्टिगो नाही. तिथल्या फायर सिमेट्रीत सुमारे ३५० जणांना एकाच खड्ड्यात पुरलंय कारण ओळख पटवायला कोणी उरलंच नव्हतं. तिथे आकडे जमवायचं कोडं मी तरी माझ्या नातवाला देणार नाही. नुसतं घेऊन जाईन.

बाकी नियम सांगायची गरज पडू नये पण सांगतो. उजेड असताना जा, कोणाचा अंत्यविधी चालू असेल तर फाटकातूनच परत फिरा, दगडाला टेकू नका, त्यावर बॅग ठेवू नका, कोणी ठेवलेलं फूल हलवू नका. आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पुढच्या वेळी कोडं त्यांनाच बनवायला द्या.

प्रश्न : काका मी इंजिनिअरिंगला आहे सेकंड इयरला. माझ्या मित्राने तलावपाळीजवळचा एक पॉइंट पाठवला, उत्तर १९° ११.६००, पूर्व ७२° ५८.५००. मी गुगल मॅप्समधे टाकला तर पिन समुद्रात. तीनदा टाकला. तो म्हणतो तुझा फोन खराब आहे. फोन नवीन आहे काका.
(ऐरोली)

उत्तर : फोन चांगलाय रे, तू १९.११६ आणि ७२.५८५ असं टाकलंस ना? ही चूक जगात सगळे करतात, मी पण केलीये, आणि मी तर या खात्यातला.

जिओकॅशिंगवाले अंश आणि मिनिटं लिहितात, मिनिटाच्या पुढे तीन दशांश. तू ते मिनिटांचे आकडे उचलून सरळ अंशाच्या पुढे चिकटवलेस. पण एका अंशात मिनिटं ६० असतात, १०० नाही, घड्याळासारखं. म्हणून ११.६ भागिले ६० कर, ०.१९३३३ येईल, आणि ५८.५ भागिले ६० म्हणजे ०.९७५. आता टाक १९.१९३३३ आणि ७२.९७५, पिन बरोब्बर ठाण्यात येईल. तुझी आधीची पिन खऱ्या जागेपासून साधारण साडेआठ किलोमीटर दक्षिणेला आणि ४१ किलोमीटर पश्चिमेला होती, म्हणजे जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्यापासून पण २५ किलोमीटर आत, तिथे मासेमारीवाल्या बोटी भेटल्या असत्या फक्त. भागाकार नको असेल तर अंशाची खूण टाकून मधे स्पेस देऊन जसंच्या तसं लिही, गुगलला कळतं.

अजून एक सांगतो कारण इंजिनिअरिंगला आहेस. मिनिटाचा तिसरा दशांश एकने बदलला की अक्षांशात साधारण १.८५ मीटर सरकतो, कुठेही. रेखांशाचं मात्र गावावर आहे. ठाण्यात तोच एक आकडा म्हणजे पावणेदोन मीटर आणि वर ज्या पोर्ट गॅम्बलचं लिहिलंय तिथे सव्वा मीटर, कारण रेषा ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात. आणि तिकडे पूर्व नाही, पश्चिम रेखांश, त्यामुळे आकड्याच्या आधी वजाची खूण लागते. ती विसरलास तर पिन थेट चीनच्या बाजूला.

बाकी फोन तुला डब्यापर्यंत नेत नाही, डब्याच्या आसपास नेतो. उघड्या मैदानात पाच मीटर, टॉवरच्या गल्लीत कितीही, कारण सिग्नल काचांवर आपटून येतो. २००० सालाच्या आधी तर साध्या लोकांना मिळणारा सिग्नल अमेरिकन सरकार मुद्दाम बिघडवून सोडायचं, १०० मीटरपर्यंतची चूक यायची. मे २००० च्या सुरुवातीला क्लिंटन सरकारने ते बंद केलं आणि लगेच ३ मेला डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ऑरेगनमधे बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवून तिचा पत्ता नेटवर टाकला, बघू कोणाला सापडते का. सापडली. तिथून हा खेळ. शेवटच्या पाच मीटरला फोन खिशात टाक आणि डोळे वापर.

प्रश्न : आपल्या ठाण्यात असं काही करता येईल का? आमचा सात-आठ जणांचा रिटायर लोकांचा ग्रुप आहे, सकाळी चालायला जातो, तेच तेच बोलून कंटाळा आलाय.
(नौपाडा)

उत्तर : करता येईल, पण माझं काय झालं ते आधी ऐका. मी हौसेने एका तलावाच्या काठी, बाकाखाली, चुंबकाचा छोटा स्टीलचा डबा लावला होता, परवानगी नाही काही नाही, मनात म्हटलं कोण बघतंय. तिसऱ्या दिवशी सकाळी जातो तर दोरी लावलेली, गार्ड शिट्ट्या मारतोय, दोन पोलीस आलेले आणि गर्दी. बेवारस वस्तू! स्टेशनवर दिवसभर घोषणा ऐकून ऐकून आपण सगळे तयार झालेलो असतो आणि ते बरोबरच आहे. मी पुढे होऊन सांगितलं साहेब तो माझा डबा आहे, आत फक्त वही आहे. पुढचा दीड तास मी अक्षांश-रेखांश समजावत होतो, साहेबांनी शेवटी एकच विचारलं, काका घरी कोणी नाही का बोलायला. तेव्हापासून मी ठाण्यात डबा ठेवत नाही. स्टेशन, मॉल, सरकारी ऑफिस, शाळा, देऊळ-मशीद-चर्च यांच्या आसपास तर नाहीच नाही. येऊरच्या जंगलात पण नको, ते नॅशनल पार्क आहे आणि बिबट्याला वहीत सही करता येत नाही. तसाही खेळाचा मूळ नियमच आहे की जागेच्या मालकाची परवानगी हवी, आणि डबा जमिनीत पुरायचा नाही, खणायचं तर अजिबातच नाही.

मग काय करायचं, तर जावईबापूंचंच करायचं. दगडावरचे आकडे वापरायचे आणि शेवटचा डबा तुमच्यातल्याच एकाच्या घरी, चहाबरोबर.

सुरुवात तुमच्या दारातूनच होते. सेंट जेम्स चर्च १८२५ चं, मासुंदा तलावापाशी सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळातलं. आत जायचं असेल तर आधी विचारून, प्रार्थनेची वेळ टाळून. आणि ठाण्याची सगळ्यात जुनी ख्रिस्ती कबर शोधायला निघालात तर ती सापडणारच नाही, गोष्ट मात्र जबरदस्त आहे. १३२१ साली, म्हणजे पोर्तुगीज यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी, ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, टोलेंटिनोचा थॉमस आणि त्याचे तिघे सोबती. त्यांच्याबरोबर आलेल्या जॉर्डन नावाच्या पाद्र्याने त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं, आणि काही वर्षांनी ओडोरिक नावाचा इटालियन प्रवासी आला त्याने अस्थी उकरून जहाजावर घातल्या आणि पार चीनला नेल्या. आता याचं मल्टी करा म्हटलं तर पहिला पॉइंट ठाणे, दुसरा नालासोपारा, तिसरा चीन. ग्रुपमधे ज्याचा पासपोर्ट तयार असेल त्याला पाठवा.

मोठा फेरफटका हवा असेल तर शिवडीची ख्रिश्चन सिमेट्री. ठाण्याहून कुर्ल्याला उतरून हार्बर पकडा, वाशी-नेरूळवाल्यांना तर सीएसएमटी लोकल सरळ आहे. फ्रेडरिक स्टीव्हन्स तिथे आहे, व्हीटी स्टेशन आणि समोरची महापालिकेची इमारत दोन्ही त्याची, १९०० साली मलेरियाने गेला. गेटवे ऑफ इंडिया बांधणारा जॉर्ज विटेट पण तिथेच, १९२६. ज्याचं स्टेशन आपण अख्खी नोकरी तुडवलं तो माणूस डासाच्या चावण्याने गेलेला आणि आपल्याच हार्बर लाईनला झोपलाय, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी जरा वेळ तिथेच बसलो होतो. गेटवर ऑफिस आहे, सांगून आत जा, फोटो काढायचा तर विचारून, आणि पावसाळ्यात नको, गवत कमरेएवढं आणि आत काय असेल सांगता येत नाही.

प्रश्न : सर, मी कळव्याला शाळेत शिकवते. गावच्या जत्रेला गेले तेव्हा मुलं एका जुन्या दगडावर रांगोळी फासून अक्षरं वाचत होती, छान दिसत होतं. आमच्या मुलांना सहलीला नेऊन असं करायला सांगितलं तर चालेल का? पीठ चालेल का रांगोळीऐवजी?
(कळवा)

उत्तर : बाई, नको. रांगोळीची पूड खरखरीत असते, घासली की झिजलेली कडा अजून झिजते. पीठ म्हणजे मुंग्यांना आमंत्रण आणि पाऊस पडला की त्यावर बुरशी. खडू पण नको. आणि कोणीतरी हमखास लिंबू नाहीतर अ‍ॅसिड घेऊन येतो साफ करायला, त्याला तर गाडीतच बसवा. किचनमधे संगमरवराचा ओटा असेल आणि त्यावर लिंबू सांडलं तर पांढरा डाग पडतो बघा, तो जाता जात नाही, कारण तो डाग नसतोच, तिथला दगडच खाल्लेला असतो. संगमरवरी कबरीवर ते केलंत तर नाव गेलं.

वाचायची युक्ती फुकट आहे. उजेड तिरका पाडायचा. भर दुपारी समोरून ऊन असताना जो दगड कोरा दिसतो तोच संध्याकाळी साडेचार-पाचला वाचता येतो, कारण खाचेत सावली पडते. एवढं थांबायला वेळ नसेल तर एका मुलाच्या हातात आरसा द्या, त्याने ऊन बाजूने दगडावर टाकायचं, अगदी कडेने, दगडाला जवळजवळ घासून जाईल असं. सावलीत असेल तर मोबाईलचा टॉर्च तसाच कडेला धरा आणि हळूहळू वर न्या, एका ठराविक कोनाला अक्षर एकदम उठून येतं आणि पोरं ओरडतात. मी ५० वेळा पाहिलंय आणि तरी मीही ओरडतो. फार तर साधं पाणी शिंपडा, बाकी काही नाही.

आणि सहल न्यायचीच असेल तर कबरींपेक्षा वीरगळ दाखवा ना आधी. बोरिवलीला एकसरला आहेत, ठाण्याहून घोडबंदरमार्गे बस जाते. तिथे आकडे नाहीत, वाचायचं ते चित्र, आणि खालून वर वाचायचं हे मुलांना आधी सांगू नका, त्यांना ओळखू द्या. साधारण रीत अशी की सगळ्यात खाली लढाई आणि पडलेला वीर, मधे अप्सरा त्याला वर नेतायत, सगळ्यात वर तो शिवलिंगापाशी बसलाय. एकसरच्या काही दगडांवर तर जहाजांची लढाई आहे, वल्ह्यांच्या रांगा मोजता येतात. ती शिलाहार आणि यादवांची, साधारण १२६५ च्या सुमाराची असं मानतात. ७५० वर्षं उन्हापावसात आणि वरून शेंदूर. यातल्या एकालाही नाव नाही, नुसता काय करताना गेला एवढंच. पोर्ट गॅम्बलच्या दगडावर नाव आहे, साल आहे, पण बहुतेकांचं काय करताना गेला ते नाही. सासूबाईंचं कोकरू मात्र दोन्हीकडे चालतं, चित्र बघून कळणारं.

प्रश्न : भाचा अमेरिकेहून येतोय, ट्रेकला वापरायचं सॅटेलाइट मेसेजवालं जीपीएस, ते इनरीच का काय, माझ्यासाठी आणतो म्हणतोय. आणू दे का?
(खारघर)

उत्तर : नको, आजच फोन करून सांगा. साधं जीपीएस नुसतं ऐकतं, ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी ऐकावी तसं, पण हे यंत्र उलट सॅटेलाइटला मेसेज पाठवतं, आणि आपल्याकडे सॅटेलाइट फोन किंवा तसली यंत्रं सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. विमानतळावर परदेशी पाहुण्यांची यावरून पोलीस चौकशी झालेली आहे. त्याला म्हणावं त्याऐवजी बदाम आण. तुमचा मोबाईल पुरतो, घरून निघताना नकाशा डाउनलोड करून घ्या, जीपीएसला रेंज लागत नाही.

प्रश्न : डब्यात नक्की काय ठेवायचं असतं? माझ्या मुलीने घरातल्या घरात, सोसायटीच्या गच्चीवर, मैत्रिणींसाठी डबा ठेवलाय, त्यात तिने चिक्की ठेवलीये.
(वाशी)

उत्तर : सेक्रेटरीला विचारून ठेवलाय ना, मग झकास. पण चिक्की काढा, आजच, मुंग्या लागल्या असतील एव्हाना. गंमत म्हणजे त्या पहिल्या बादलीत उल्मरने बीन्सचा एक डबाही ठेवला होता, आता खाण्याचं काही ठेवायचं नाही असा नियमच आहे. वही ठेवा, चुरमुऱ्यासारखी भिजून फुगू नये म्हणून झिपच्या पिशवीत. छोटी वस्तू ठेवायची तर गोट्या, बिल्ला, जुनं नाणं, आणि जी घेईल तिने तेवढ्याच तोलाचं काहीतरी ठेवायचं. पेन नको, आपल्या हवेत शाई पसरते, पेन्सिल ठेवा. आणि शार्पनर, तो सगळे विसरतात, मग वहीत अर्ध्या लोकांची नावं नखाने कोरलेली असतात.